पहिल्या ओळीतील तिसरी कबर

एलिमतालमध्ये आपण कुठे पुरले जावे हे कुणाच्या इच्छेवर कधीच नव्हते. जो ज्या क्रमाने जाईल, त्या क्रमाने ओळीत त्याची जागा. नवरा-बायको शेजारी नाहीत, घराण्यांचे वेगळे तुकडे नाहीत, थोरामोठ्यांसाठी वेगळा कोपरा नाही. काळ्या समुद्राच्या काठावरून आमची अकरा कुटुंबे डाकोटाच्या माळावर आली, तेव्हा बियाण्याच्या पोत्यांबरोबर हा नियमही घेऊन आली. देवळाच्या भिंती उभ्या राहण्याआधी दफनभूमीचे कुंपण उभे राहिले, कारण देवळावाचून दोन वर्षे निभावता आली. कुंपणावाचून आठ महिनेही आली नाहीत.

माझे पती क्रिस्टियान वाइसहार मंडळीचे कारभारी होते. दफनभूमीची वही त्यांच्या हाती असे आणि त्यांच्यानंतर ती माझ्याकडे आली. चौतीस वर्षे मी ती सांभाळली. या काळात एकदाही मी ओळ मोडू दिली नाही. "माझ्या म्हाताऱ्याशेजारची जागा तेवढी राखा हो," असे विनवणाऱ्या विधवांना मी सांगत असे, "मग त्याच्या पाठोपाठच निघायचं होतं." लोक मला कठोर म्हणत. म्हणोत. स्वतः क्रिस्टियान तिसऱ्या ओळीत एका गुराख्याच्या आणि एका दाईच्या मध्ये आहेत. मी त्यांच्यापासून निदान चाळीस पावले दूर जाणार, हे मला ठाऊक होते आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

मग सरकारने नदीला धरण बांधले. एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यात आम्हाला कळवण्यात आले की, पुढच्या वसंतात आमचे खोरे पाण्याखाली जाईल. घरे गेली, कोठारे गेली, देऊळ चाकांवर चढवून टेकडीपलीकडे नेण्यात आले. राहिले ते मेलेले. त्यांच्यासाठी टेकडीवर नवी जागा आखण्यात आली. प्रत्येक कबरीमागे एक कागद होता. त्यावर मृताचे नाव, जवळच्या नातलगाचे नाव, मृताशी नाते आणि सही. ज्या कबरीच्या कागदावर सही नसेल, ती जिथे आहे तिथेच राहणार होती.

एकशे बारा कबरींपैकी एकशे अकरांच्या सह्या मी स्वतः गोळा केल्या. एक राहिली. पहिली ओळ, चौथी कबर: इमानुएल क्नोदेल, वय पाच वर्षे. त्याची आई फिलिपिना त्र्याऐंशी वर्षांची होती आणि शहरात धाकट्या मुलाकडे, योहान्नेसकडे, राहत होती. तिने तीनदा नकार दिला. कारणही सांगितले नाही.

"म्हातारी हट्टी आहे," मी माझ्या सुनेला, आल्माला, म्हणाले. "पोटच्या पोराला पाण्यात टाकेल, पण माझ्या हातून आलेल्या कागदावर सही करणार नाही."

आल्मा उकळत्या सूपमध्ये कणकेचे गोळे सोडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आई, चाळणीनं सुईला नाव ठेवू नये."

"काय म्हणालीस?"

"मीठ कमी झालंय म्हणाले."

आल्मा तीस वर्षे माझ्या घरात आहे. तिला वाटते मला कमी ऐकू येते. मी तिला तसे वाटू देते.

फिलिपिनाचे आणि माझे का बिनसले हे गावात सर्वांना ठाऊक होते. निदान मी जसे सांगितले तसे ठाऊक होते. अठराशे चौऱ्याण्णवच्या जानेवारीत आमच्या वस्तीत घटसर्प शिरला. तीन आठवड्यांत पाच मुले गेली. जमीन लोखंडासारखी गोठलेली होती. कुदळ मारली की ठिणगी उडे आणि माती ढळत नसे. हिवाळ्यात मेलेल्यांना आम्ही कोठाराच्या आढ्याखाली आडव्या तुळयांवर ठेवत असू आणि बर्फ वितळला की क्रमाने पुरत असू. गॉटफ्रीड सुतार पेट्या करी आणि झाकणावर खडूने नाव लिही.

माझी लिडिया चार वर्षांची होती. ती नऊ जानेवारीला गेली. मी स्वतः त्या वेळी तापाने पडले होते आणि पाळण्यातले बाळही तापले होते. उठता येईना. मी अंथरुणातूनच हात लांबवून ओडेसाहून आणलेली निळ्या मण्यांची माळ तिच्या गळ्यात घातली. क्रिस्टियान तिला गोधडीत गुंडाळून सुताराकडे घेऊन गेले. तिची पेटी मी पाहिली नाही. दोन दिवसांनी फिलिपिनाचा इमानुएल गेला. तिचा नवरा आदल्याच हिवाळ्यात बर्फाच्या वादळात सापडून मेला होता. ती मातीच्या ढेपांच्या खोलीत दोन मुले घेऊन राहत असे आणि आमच्याकडे शेणाच्या गोवऱ्या थापायला येई.

मार्चमध्ये बर्फ वितळू लागले. कोठाराचे छप्पर मातीचे, ते आठवडाभर गळत राहिले. पेट्या खाली उतरवल्या तेव्हा पाचही झाकणांवरचा खडू धुऊन गेला होता. तीन पेट्या मापावरून ओळखता आल्या. दोन सारख्याच लांबीच्या होत्या. त्यांतली एक खडबडीत करवती फळ्यांची होती. दुसरीला रंधा मारलेला होता. तिच्यावर हात फिरवला तर रेशमासारखा लागे. गॉटफ्रीडला विचारावे, तर फेब्रुवारीत तोही त्याच रोगाने गेला होता. पेट्या उघडायला पाळकांनी सक्त मनाई केली, कारण रोग पुन्हा बाहेर पडेल अशी सर्वांना भीती होती.

मी रंधा मारलेल्या पेटीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ही माझी."

फिलिपिना पुढे आली. "नाही बाईसाहेब. ही माझ्या इमानुएलची. मी तिथं उभी होते. फळीचं एक टोक मी धरलं होतं. गॉटफ्रीडदादांना मीच म्हणाले होते, रंधा मारा, माझ्या पोराला कुसळं टोचतील."

तेव्हा मी बावीस वर्षांची होते आणि कारभाऱ्यांची बायको होते. मी तिला म्हणाले, "गोवऱ्या थापणारीच्या पोराला रंधा मारलेली पेटी, आणि वाइसहारांच्या लेकीला जळणाची फळी? गॉटफ्रीडला एवढी अक्कल होती."

कुणीतरी क्रिस्टियानना विचारले. पेटी त्यांनी उचलून नेली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "ओटिलिया म्हणते तसंच."

रंधा मारलेली पेटी तिसऱ्या खड्ड्यात गेली आणि खडबडीत चौथ्यात. फिलिपिना कबरीशीच ओरडू लागली, तिने मातीत हात घातला, तिला ओढून बाजूला करावे लागले. दफनविधीत भांडण करणे आमच्याकडे मोठा अपराध होता. पुढच्या रविवारी तिने मंडळीसमोर उभे राहून माफी मागावी, असा मी आग्रह धरला. ती योहान्नेसला कडेवर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझी चूक झाली." त्या दिवसापासून ती मला बाईसाहेब म्हणेनाशी झाली, वाइसहारबाई म्हणू लागली.

नोव्हेंबरात मृतांचा रविवार येतो. त्या दिवशी बायका मेणात बुडवलेल्या कागदी फुलांची चक्रे घेऊन कबरींवर जातात. पहिल्या वर्षी फिलिपिनाने दोन चक्रे आणली. एक चौथ्या कबरीवर ठेवले आणि दुसरे तिसरीवर. मी ते उचलून तिच्या हातात परत दिले. "आमच्या कबरीला आमची फुलं आहेत." पुढे ती एकच आणी. चौथ्या कबरीपाशी बसे, तण उपटे, ओठ हलवत काहीबाही पुटपुटे आणि मधूनमधून तिसरीकडे बघे. मला वाटे, तिला हेवा वाटतो. माझ्या लेकीच्या कबरीवर संगमरवराचा दगड होता आणि तिच्या पोराच्या कबरीवर लोखंडी पट्टी.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी खोदणाऱ्यांची टोळी आली. शनिवारी ती पुढच्या गावी जाणार होती. त्यांचा मुकादम हॅल्व्हरसन हा नॉर्वेकडचा, उंच, शांत माणूस. त्याने कबरींभोवती कापडाचा आडोसा लावला आणि नातलगांनी कुंपणाबाहेर थांबावे असे सांगितले.

"त्याला सांग," मी आल्माला म्हणाले, "हे कुंपण माझ्या सासऱ्यांनी घातलंय. मी त्याच्या आत थांबणार."

आल्माने त्याला इंग्रजीत काहीतरी बरेच लांबलचक सांगितले. त्याने टोपी काढली आणि माझ्यासाठी एक खुर्ची मागवली.

"एवढं काय सांगितलंस?"

"म्हटलं, यांच्याशी वाद घातलास तर काम ख्रिसमसपर्यंत चालेल."

मंगळवारी दुपारी तिसरी कबर उघडली. माती काळीभोर होती. पेटीचे असे काही राहिले नव्हते. गंजलेले खिळे होते आणि हात लावला की चुरा होणारे लाकूड. हॅल्व्हरसन गुडघे टेकून, ब्रशने, फार हळुवार काम करत होता. मी मणी शोधत होते. काच कुजत नाही. एकोणसाठ वर्षे मी त्या दगडापाशी बसून डोळ्यांपुढे ती निळी माळ आणत आले होते. गळ्याजवळची माती त्याने चाळली. काही निघाले नाही. मी त्याला पुन्हा चाळायला लावली. मग कमरेजवळ पत्र्याची चार बटणे निघाली, विजारीची असतात तशी. आणि मग त्याने डाव्या पायाचे हाड उचलून कापडावर ठेवले.

ते हाड नडगीच्या मध्यावर विळ्यासारखे वाकून जुळलेले होते.

एलिमतालमध्ये असा पाय एकाच मुलाचा होता. गवताच्या गाडीवरून पडून इमानुएल चाकाखाली आला होता. हाड बसवणारी म्हातारी आली, तिने पाय बांधला, तो वाकडाच जुळला. तो मुलगा देवळातून टपटप उड्या मारत चाले. आणि मी, मी मागे वळून त्याच्या आईकडे डोळे वटारत असे.

"आई," आल्मा म्हणाली, "आई, चला, बसा."

मी उभीच राहिले. हॅल्व्हरसनने मान वर करून काहीतरी विचारले.

"काय म्हणतोय?"

"विचारतोय, हीच ना तुमची मुलगी? कागदावर खूण करायची आहे."

"त्याला म्हणावं, थांब," मी म्हणाले. "आणि ते हाड झाकून ठेव म्हणावं. थंडी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्मा मला गाडीतून शहरात घेऊन गेली. वाटेत मी चार वाक्ये तयार केली. मी आयुष्यभर तयार वाक्ये घेऊन लोकांच्या घरी गेले आहे.

फिलिपिना खिडकीपाशी सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. ती उठली नाही.

"वाइसहारबाई! या. बसा कुठंही. माझ्या घरी खुर्च्यांना क्रम नाही."

मी बसले.

"सही मागायला आलात. योहान्नेस म्हणालाच होता, आता स्वतः येतील बघ."

"सही मागायला नाही आले."

"मग काय, माझी तब्येत बघायला? बघा. दात तीन उरलेत, बाकी ठणठणीत."

ती चार वाक्ये मला आठवेनात. मी म्हणाले, "काल तिसरी उघडली."

बिया सोलणारे हात थांबले.

"पाय?"

"हो. डावा."

तिने ओंजळीतल्या बिया ताटलीत ठेवल्या. एप्रनने एकेक बोट पुसले. मग म्हणाली, "सांभाळून उचलला ना त्याला?"

"सांभाळून उचलला. मी तिथंच होते."

"तुम्ही कायमच तिथंच होता," फिलिपिना म्हणाली.

आल्मा दाराशी उभी होती. ती पाय न वाजवता बाहेर निघून गेली.

"तू सही का केली नाहीस?" मी विचारले. "चौथीत कोण आहे हे तुला ठाऊक होतं. माझ्या लेकीला बुडू देणार होतीस?"

"कागदावर काय लिहिलंय ते वाचलंत का? मृताशी नातं. आई. मी त्या पोरीची आई नाही. देवासमोर एकदा खोटं बोलले, तुमच्या हट्टापायी, कडेवर पोर घेऊन. दुसऱ्यांदा नाही बोलणार."

"मग मला सांगायचं होतंस!"

"सांगितलं होतं. एकदा."

बाहेर धान्याच्या गाड्या चालल्या होत्या. खिडकीची तावदाने थरथरत होती. ती बाहेर बघत म्हणाली, "आणि मला चांगली बाई समजू नका. रोज सकाळी योहान्नेसला म्हणायची, आण तो कागद, बिचारं लेकरू आहे ते. त्यानं आणला की हात उचलत नव्हता. शनिवारपर्यंत उचलला असता की नाही, मला नाही माहीत."

"मी चुकले, फिलिपिना."

"हे मला कशाला सांगता? मला हे तेव्हापासून ठाऊक आहे. मला जिथं उभं केलंत, तिथं सांगा."

"देऊळ आता तिथं नाही."

"पाया आहे ना?"

निरोप धाडून मी शुक्रवारी सकाळी लोकांना बोलावले. वीस-बावीस जण होते, बहुतेक म्हातारे. देवळाच्या जागी दगडांचा चौकोन उरला होता आणि आत गवत. योहान्नेसची गाडी कुंपणाशी उभी होती आणि फिलिपिना तिच्यात बसून होती. खाली उतरली नाही. वेदी जिथे होती तिथे मी उभी राहिले. हात टेकायला काही नव्हते.

मी सुरुवात करताच म्हातारा याकोब म्हणाला, "जाऊ द्या हो बाई, आता कशाला ते? सगळे मरून गेले."

"टोपी काढ, याकोब, आणि ऐक."

त्याने टोपी काढली.

मी सांगितले की, चौऱ्याण्णव साली याच जागी फिलिपिना क्नोदेलने माझी माफी मागितली होती. तिचे खरे होते आणि माझे खोटे. मी तिच्या मुलावर माझ्या मुलीचे नाव लावले, ते केवळ पेटीला रंधा मारलेला होता म्हणून. त्यानंतर मी तिला तिच्या मुलाच्या कबरीवर फूल ठेवू दिले नाही. एवढे बोलून मी थांबले. आणखी बोलले असते तर ते माझ्या स्वतःसाठी झाले असते. एक बाई रडू लागली, ती का, हे मला कळले नाही. तिची मुले सगळी जिवंत होती.

मग कागद आणले. चौथ्या कबरीच्या कागदावर मी मृताचे नाव खोडून लिहिले: लिडिया वाइसहार. त्याखाली, मृताशी नाते: आई. माझी सही नेहमी ठसठशीत असते. त्या दिवशी ती आल्माला वाचता आली नाही. तिसरीच्या कागदावरचे लिडियाचे नाव आणि माझी सही खोडून मी तिथे इमानुएलचे नाव लिहिले आणि फिलिपिनाने गाडीतच सही केली. तिने ती हळू केली आणि केल्यावर तो कागद एकदा मोठ्याने वाचला, आपल्या मुलाच्या नावासकट.

"एक सांगते," ती म्हणाली. "तो टेकडीवर येणार नाही. मी त्याला इथं शहरात घेऊन जाणार. मीही तिथंच जाणार आहे."

"ओळ मोडेल," मी म्हणाले. सवयीने म्हणाले.

"मोडू दे."

मी वहीत लिहिले: तिसरी जागा, लिडिया वाइसहार. चौथी जागा रिकामी.

सरकारी नियम असा होता की, हाडांच्या लहान पेट्या सरकारच्याच गाडीतून जाव्यात. हॅल्व्हरसनने तो आल्माकडून मला कळवला. मी म्हणाले, "त्याला सांग, हे पोर एकोणसाठ वर्षं परक्या नावाखाली झोपलंय. आता ते आईच्या मांडीवर जाईल. ज्याला अडवायचंय त्यानं मला अडवावं." या वेळी आल्माने एकही शब्द वाढवला नाही. हॅल्व्हरसनने स्वतः ती पेटी उचलली, गाडीचे दार उघडले आणि फिलिपिनाच्या मांडीवर ठेवली. बुटांच्या खोक्याहून ती फार मोठी नव्हती. फिलिपिनाने तिच्यावर दोन्ही हात ठेवले आणि अंगावरची शाल पुढे ओढून ती निम्मी झाकली.

मी खिडकीशी गेले. मला विचारायचे नव्हते, पण विचारले.

"इतकी वर्षं तू चौथीपाशी बसायचीस. पुटपुटायचीस. मला वाटायचं, मला शिव्या देतेस."

"तुम्हाला शिव्या घरी द्यायचे. तिथं कशाला देईन? ती ऐकत असे ना."

"मग काय बोलायचीस तिच्याशी?"

फिलिपिनाने माझ्याकडे पाहिले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिने मला नुसत्या नावाने हाक मारली.

"ओटिलिया, तिला म्हणायचे, बाळ, ती बघ तुझी आई. शेजारीच बसलीय. घर चुकलीय गं, पण येईल. आपण तोवर तण काढू." ती थांबली. "दरवेळी तेच. दुसरं काय सांगणार तिला मी? परकी बाई."

योहान्नेसने गाडी सुरू केली. मी खिडकीवरचा हात काढला नाही, तेव्हा फिलिपिनाने तो उचलून बाजूला केला. रागाने नाही. एखादी फांदी वाटेतून बाजूला करावी तसा. गाडी गेली.

दुपारी चौथी कबर उघडली. या वेळी मी कुंपणाबाहेर थांबले. आल्मा आत गेली आणि थोड्या वेळाने आडोशाबाहेर येऊन तिने मान हलवली. होती माळ. मी ती बघायला मागितली नाही. मी म्हणाले, "तिच्याबरोबरच राहू दे."

टेकडीवरच्या नव्या जागेत वारा फार आहे. खाली नदीचे वळण दिसते आणि आमची रिकामी शेते. पहिल्या ओळीत एक, दोन, तीन, मग रिकाम्या जागेपुरती सपाट माती, मग पाचवी. येणारे लोक विचारतात, इथे कोण? मी सांगते, जागा ज्याची होती त्याला त्याची आई घेऊन गेली. काही जण म्हणतात, मग बाकीच्यांना सरकवून घ्यायचे होते, ओळ सलग दिसली असती. त्यांना मी वहीतली नोंद दाखवते.

लिडियाला पुरले तेव्हा पाळक आले होते, प्रार्थना झाली, आल्माने केक आणला होता, लोकांनी खाल्ला. सगळे निघून गेल्यावर मी आल्माला गाडीत बसायला सांगितले आणि दगडापाशी थांबले. तोच दगड. त्यावर तिचे नाव आता खरे होते.

खाली खोऱ्यात असताना दर रविवारी उपासनेनंतर मी तिसऱ्या कबरीपाशी जात असे. तिथे मी सगळे सांगत आले होते. तिच्यामागून झालेली भावंडे, त्यांतली गेली ती, ज्या वर्षी टोळांनी गहू खाल्ला ते वर्ष, क्रिस्टियान शेवटच्या आजारात माझ्याकडे कसे बघत असत आणि काहीतरी सांगायचे असून कसे सांगत नसत. जे मी नवऱ्याला आणि पाळकांना सांगितले नाही ते मी तिथे सांगितले. फिलिपिनाच्या मुलाला माझ्या घरातले सगळे ठाऊक होते. माझ्या मुलीने माझा आवाज ऐकला होता तो चार वर्षे, आणि शेवटचे तीन दिवस तर तापात.

मी बोलायला तोंड उघडले आणि कुठून सुरुवात करावी ते मला कळेना. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा आवाज तिने कसा ओळखावा? तिला ठाऊक असलेली आई बावीस वर्षांची होती, तिचे केस काळे होते, ती अंथरुणातून हात लांबवत होती. खाली गाडीजवळ आल्माने दोनदा हॉर्न वाजवला. मी हाताने तिला थांबायची खूण केली, मग दगडाला धरून खाली गवतावर बसले; अशी मी कुणाच्या देखत कधी बसत नाही. आणि आधी तिला माझे नाव सांगितले.